जाण्याची मोकळीक आणि राहण्याची

(अभ्यासपाठ. वाचावयाचे उतारे : निर्गम २१:१–६, योहान ६:६०–७१, लूक १५:११–३२.)

गेल्या पावसाळ्यात गोदाकाठच्या एका मंडळीतील उपदेशक बंधूंचे पत्र आमच्याकडे आले. त्यांच्या गावचा एक तरुण कामधंद्यासाठी मुंबईस गेला, लालबागेत नातलगांच्या घरी राहिला, आणि दोन वर्षांनी नाताळास गावी आला तो उपासनेस आलाच नाही. घरच्या मंडळींनी आग्रह केला तेव्हा तो म्हणाला, की ख्रिस्तावर माझा राग नाही, मंडळीवर आहे. तेथे जे पाहिले त्याने मन विटले. वडीलधाऱ्यांनी फार धरिले तेव्हा तो आणखी म्हणाला, की देवाच्या इच्छेवाचून पान हलत नाही असे तुम्हीच शिकविले. तर माझे न येणे त्यानेच ठरविले असेल. बंधू विचारतात, ह्यास उत्तर काय द्यावे? फारोचे मन देवाने कठीण केले असे शास्त्रात आहे, मग फारोचा दोष तो कोणता? आणि ह्या मुलाचे नाव पटावर ठेवावे की काढावे?

प्रश्नोत्तरावलीतील उत्तर उतरवून पाठविणे सोपे होते. आम्ही ते लिहिलेही, आणि फाडून टाकिले. कारण असाच एक तरुण आम्ही परळास पाहिला होता, आणि त्याच्यापुढे ते उत्तर कसे पडले हे आम्हांस ठाऊक होते. त्याची हकीकत पुढे येईल. आधी इच्छेविषयी पाहू.

सालगडी म्हणजे काय हे आमच्या वाचकांस सांगावे लागत नाही. पाडव्यास साल ठरते, मालकाकडून उचल घेतली जाते, आणि लग्न, आजारपण, जुने देणे ह्यांत ती पहिल्याच महिन्यात संपते. मग वर्षभर त्या मनुष्याच्या पायात दोरी नसते की गोठ्याच्या दारास कुलूप नसते. वाट मोकळी दिसते, तरी तो जात नाही. ऊसतोडीची टोळी मुकादमाची उचल घेऊन कारखान्यावर जाते, तिचेही असेच. त्यांस विचारा, तुम्ही येथे खुशीने आहा काय? ते होय म्हणतील, आणि ते अगदीच खोटे नसेल. बाहेरून पाहणारा म्हणेल, हा स्वतंत्र आहे. उचलीचा आकडा ज्यास ठाऊक आहे तो म्हणेल, हा बांधलेला आहे.

१५२४ साली इरॅस्मस नामक विद्वानाने मनुष्याची इच्छा स्वतंत्र आहे असा ग्रंथ लिहिला, आणि १५२५ साली मार्टिन लूथराने ती दास आहे असे त्यास उत्तर दिले. सेमिनरीत आम्ही ह्या वादावर परीक्षा दिली व गुणही बरे मिळविले. परंतु तो वाद आम्हांस कळला तो पुढे खेड्यात. इरॅस्मस उघड्या वाटेकडे बोट दाखवीत होता, लूथर उचलीकडे. दोघांच्याही डोळ्यांस जे दिसले ते खरे होते. पापाचे दास्य असे आपल्या प्रभूने योहानाच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे ते ह्याच अर्थाने. दारूच्या गुत्त्यापुढे उभा असलेला मनुष्य पाय मागे घेऊ शकतो, आणि घेऊ शकत नाही. त्याच्या बायकोस ह्या दोन्ही गोष्टी माहीत असतात.

फारोविषयी थोडक्यात सांगतो. निर्गमाचा सातवा, आठवा व नववा अध्याय सावकाश वाचावा. देव त्याचे मन कठीण करील असे आधी सांगितले आहे हे खरे. पण पीडा येऊ लागल्यावर बेडूक निघून जाताच मन कठीण कोणी केले? फारोने स्वतः. गोमाश्या गेल्यावर? पुन्हा त्यानेच. सहाव्या पीडेपाशी, फोड आले तेव्हा, परमेश्वराने त्याचे मन कठीण केले असे वचन येते. चुन्याची निवळी ढवळून ढवळून मनुष्याने ठेविली आणि रात्रीतून चुना धरला, तर तो धरला कोणामुळे? चुन्याचा तो गुण देवाने ठेविला, हे खरे, ढवळणे आपले. ह्याहून अधिक ह्या विषयात आम्हांस कळते असे आम्ही म्हणत नाही.

आता निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायाकडे या. हा उतारा उपासनेत फारसा वाचला जात नाही. इब्री दासाने सहा वर्षे चाकरी करावी, सातव्या वर्षी काही न देता मोकळे व्हावे. परंतु त्या दासाने उघड सांगितले, की माझे धन्यावर प्रेम आहे, मी जात नाही, तर त्यास दाराच्या चौकटीपाशी न्यावे व त्याचा कान टोचावा. मग तो जन्माचा चाकर. येथील क्रम ध्यानात घ्यावा. आधी ऋण फिटते, दार उघडते, आणि मग तो राहतो. सातवे वर्ष उजाडण्यापूर्वी त्याच्या राहण्यास किंमत नाही, कारण तेव्हा जाण्याची सोयच नव्हती. कृपा म्हणजे काय हे आम्ही ह्या उताऱ्यावरून शिकवितो. कृपा मनुष्यास ओढून आत घेत नाही. ती उचल फेडते. उचल फिटलेला मनुष्य जाऊही शकतो, ही गोष्ट आमच्या पुष्कळ उपदेशांतून गळते.

त्याच उताऱ्यात चौथे वचन आहे, व ते अवघड आहे. धन्याने दिलेली बायको व तिची मुले धन्याचीच राहावयाची. तेव्हा त्या दासाचे राहणे किती प्रेमाचे आणि किती मुलांच्या ओढीचे, हे कोण सांगेल? आम्ही हे वचन झाकून ठेवीत नाही, कारण ते आमच्याच घरची गोष्ट सांगते. १८७६–७८ चा दुष्काळ, १८९६–९७ चा, १८९९–१९०० चा. ह्या काळात आमच्यापैकी कित्येकांचे पणजे मिशनच्या दारी आले, आणि पोटासाठी बाटले हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ह्याचा राग मानण्यापेक्षा खरे ते म्हणावे. भुकेने आणले, हो. महार-मांगांच्या लेकरांस शाळेत बसावयास जागा मिळते, साहेब आपल्या ओट्यावर बसू देतो, ह्या गोष्टींनीही आणले. मनुष्याची इच्छा गाळलेल्या पाण्यासारखी निवळ कधीच नसते. ब्राह्मणाची नसते, मिशनऱ्याचीही नसते. दुष्काळ सरला, धान्य वाटणे थांबले, तेव्हा काही परत गेले आणि काही राहिले. जे राहिले त्यांचा कान त्या दिवशी टोचला गेला, असे आम्ही समजतो.

मुंबईत हा प्रश्न एके काळी थेट न्यायासनापुढे गेला होता. १८३९ च्या मे महिन्यात डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी ह्या दोघा पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि शहरात एकच खळबळ उडाली. सुप्रीम कोर्टाने धनजीभाईंस समजण्याजोगे वय आले आहे असे मानून त्यांस वाटेल तिकडे जाऊ दिले. शाळेतील बहुतेक मुले पालकांनी काढून नेली. पुढे १८४३ साली नारायण शेषाद्री ह्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्यामागून मिशनऱ्यांकडे राहावयास आला. ह्या वेळी कोर्टाने त्यास अल्पवयी ठरवून बापाच्या स्वाधीन केले. मग जातीत वाद माजला, की ख्रिस्त्यांच्या घरी जेवलेला हा मुलगा परत घ्यावा किंवा कसे. बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावे असा पक्ष धरिला व त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. बाळशास्त्री आमच्या धर्माचे नव्हते. परंतु परतणाऱ्यास दार उघडे असावे हे त्यांस कळले होते, म्हणून आम्ही त्यांचे नाव येथे आदराने घेतो. त्या पोरास दोहोंकडून ओढणारे पुष्कळ होते.

त्याच १८४३ सालच्या मे महिन्यात स्कॉटलंडची मंडळी फुटली. जमीनदाराने नेमलेला पाळक गावच्या मंडळीने निमूटपणे पत्करावा की तिने नाही म्हणावे, हे त्या वादाचे मूळ. ज्यांस मंडळीचा हक्क प्रिय होता ते घरदार, पगार सोडून निघाले व त्यांनी स्वतंत्र मंडळी स्थापिली. आणि मुंबईतील विल्सनसाहेब व त्यांचे सहकारी त्यांच्या बाजूने गेले. शाळेसाठी नुकतीच उभी केलेली इमारतही त्यांस सोडावी लागली. जो कोणी मंडळीतून उठून जातो तो ख्रिस्तास सोडतो, असे मानणाऱ्याने विल्सनसाहेबांचे नाव कोणत्या यादीत घालावे?

आता पंडिता रमाबाईंविषयी, व ह्यांच्यापाशी आम्ही जरा थांबतो. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमात झाला, लहानग्या मनोरमेसह. आईबाप दुष्काळात गेले, भाऊ गेला, नवरा गेला. पंचविशीच्या त्या विधवेस आश्रमाने आसरा दिला. सिस्टर जेरल्डीन ह्या तिच्या धर्ममाता. त्यांस घरात आजीबाई म्हणत. ह्या आजीबाईंचे प्रेम खरे होते, ह्यात शंका नाही. पण बाप्तिस्म्यानंतर थोड्याच दिवसांत पत्रांतून खटके उडू लागले. रमाबाई मांस-अंडी खात ना. हा जातीचा अहंकार असे आजीबाईंस वाटे. क्रूसावर लॅटिन अक्षरे असावी असे निघाले तेव्हा रमाबाईंनी विचारले, की संस्कृत का नको? चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे किंवा नाही, ह्यावर हिंदुस्थानातील बिशपांची मते मागविण्यात आली. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, मंडळीचा अधिकार, सर्व गोष्टी त्या तपासून पाहू लागल्या आणि न पटे ते पटले असे म्हणेनात. १८८५ सालच्या एका पत्रात त्यांनी जे लिहिले त्याचा आशय असा, की भारतातील पुरोहितांचे जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले, ते तसलेच दुसरे मानेवर घेण्यासाठी नव्हे. हा पत्रव्यवहार १९७७ साली छापून निघाला आहे व ज्यांस इंग्रजी येते त्यांनी तो अवश्य वाचावा. आम्ही तो पहिल्याने वाचला तेव्हा आमची सहानुभूती आजीबाईंकडे होती. नवशिष्याने इतके प्रश्न करू नयेत असे तेव्हा वाटले. आम्ही नुकतेच पाळक झालो होतो.

रमाबाईंनी आश्रम सोडला, अमेरिकेस गेल्या, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत गिरगावच्या चौपाटीनजीक त्यांनी शारदासदन उघडले. विल्सन कॉलेजची हल्लीची इमारत त्याच साली तेथेच समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. सदनात पहिली विधवा विद्यार्थिनी आली ती गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई. नियम असा, की कोणाच्या धर्मात हात घालावयाचा नाही. ज्या मुलीस आपल्या घरच्या रीतीने पूजा-उपास करावयाचे तिने करावे. ख्रिस्ती बाईने चालविलेल्या घरात तुळशीची पूजा चाललेली पाहून मिशनच्या काही लोकांस हे आवडले नाही. १८९० साली सदन पुण्यास गेले. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार लावून घेत ना. काही मुली येऊन बसू लागल्या. तेव्हा १८९३ साली दुसऱ्या बाजूचा रोष झाला, व रानडे, भांडारकर ह्यांसारख्या थोरांनी सल्लागार मंडळ सोडले. मुलींस ओढीत नाही म्हणून एकांस राग, दार लावीत नाही म्हणून दुसऱ्यांस. पुढे केडगावच्या मुक्तीत दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींचे बाप्तिस्मे झाले. त्या निराधार पोरींच्या इच्छेविषयी वर दुष्काळाच्या संबंधाने जे म्हटले तेच येथेही म्हणावे लागते. रमाबाई थोर म्हणून त्यांस त्यातून सूट द्यावी असे आम्हांस वाटत नाही. परंतु मंडळीच्या मोठ्या माणसांनी दुखविलेली ती स्त्री ५ एप्रिल १९२२ पर्यंत, देहान्तापर्यंत, ख्रिस्तापाशी राहिली, आणि तिने त्या लोकांशी पत्रव्यवहारही तोडला नाही.

दुसरी गोष्ट आमच्या समाजास अधिक झोंबणारी आहे. ३० व ३१ मे १९३६ रोजी दादरला नायगाव येथे मुंबई इलाखा महार परिषद भरली. त्याच्या आदल्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून आपण मरणार नाही असे जाहीर केले होते. नायगावच्या भाषणात त्यांनी आपल्या लोकांपुढे धर्मांतराचा विचार सविस्तर मांडला. त्या दिवसांत सर्व धर्मांच्या पुढाऱ्यांची त्यांच्याकडे रीघ लागली होती, आमच्याही. ज्या मनुष्याने परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत वर्षे काढली, दादरला पुस्तकांसाठी घर बांधिले, त्याने शुभवर्तमान वाचले नव्हते असे नाही. त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ विचार केला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखो लोकांसह बुद्धाचा मार्ग धरिला.

ते आमच्याकडे का आले नाहीत? लोक मोकळेपणाने नाही म्हणतात तेव्हा, देवाने त्यांचे मन कठीण केले, असे म्हणून आम्ही सुटका करून घेतो. परंतु बाबासाहेबांचे ह्या विषयावरील लेखन महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केले आहे. त्यात त्यांनी स्पष्ट विचारले आहे, की ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याची स्थिती बदलली काय? मंडळीत जातीजातींच्या रांगा राहिल्या नाहीत काय? आपल्या भाऊबंदांवर होणाऱ्या अन्यायाविरुद्ध ख्रिस्ती समाज म्हणून कधी उठला काय? ह्या प्रश्नांस आम्ही प्रामाणिकपणे काय उत्तर देणार? आमच्या कित्येक गावांत महार ख्रिस्ती व मांग ख्रिस्ती ह्यांच्या सोयरिकी आजही होत नाहीत, आणि वाचकांस हे आमच्याहून चांगले ठाऊक आहे. त्यांनी ख्रिस्तास नाकारले असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी आम्हांस पाहिले, एवढे म्हणतो.

ह्यात आणखी एक गाठ १९५० सालापासून पडली आहे. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकास सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले. त्याच साली निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या. पुढे १९५६ साली शिखांस व १९९० साली बौद्धांस त्या मिळाल्या, ख्रिस्त्यांस नाहीत. म्हणून कागदावर एक नाव आणि मंडळीत दुसरे, असे कित्येक घरांत चालते. मुलाच्या फीसाठी दाखल्यावर सही करणाऱ्या बापास आम्ही व्यासपीठावरून ढोंगी म्हटलेले ऐकले आहे. ज्यास पगार मंडळीकडून मिळतो त्याने हे म्हणणे फार सोपे आहे.

पगाराची गोष्ट निघाली म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचे स्मरण होते. त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईसच झाला. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर आल्या नाहीत. कित्येक वर्षे वेगळ्या राहिल्या, मग परत येऊन नगरास राहिल्या, आपल्या चालीने चालल्या, आणि १९०० साली स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. स्मृतिचित्रे ज्यांनी वाचली त्यांस हे सांगावयास नको. असा नवरा असून टिळकांनी स्वतः १९१७ साली मिशनची नोकरी सोडली. परदेशी पैशाच्या व परदेशी रीतीच्या ओझ्याखाली आपल्या लोकांस ख्रिस्त दिसत नाही असे त्यांस वाटे. देवाचा दरबार म्हणून त्यांनी बंधुसमाज उभारला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांस व न झालेल्यांसही जागा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांस देवाज्ञा झाली, दरबार मागे चालला नाही. ते फसले असे म्हणणारे आहेत. आम्हांस त्यांचे बहुतेक म्हणणे पटते, मात्र पाळकाने पगार सोडावा हे आमच्या हातून झालेले नाही, तेव्हा ह्याविषयी अधिक बोलत नाही.

आता परळची हकीकत. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही तेथील एका मंडळीत दुय्यम पाळक होतो. त्या मंडळीत एक म्हातारे गृहस्थ होते. तरुणपणी सोलापूरकडून आलेले, गिरणीत साच्यावर उभे राहिलेले. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांबरोबर त्यांचीही गिरणी सुटली ती सुटलीच. पुढे कोठे रखवालदारी, कोठे भाजीची पाटी, असे त्यांनी दिवस काढिले. उपासनेस येत, मागच्या बाकावर बसत, प्रभुभोजन घेत. वर्गणी मात्र कित्येक वर्षे दिली नव्हती. ते वारले तेव्हा मुलगा चिठ्ठीसाठी आला. शिवडीच्या दफनभूमीत जागा मिळावी म्हणून मंडळीची चिठ्ठी लागे. पंचांनी पट काढिला, थकबाकी मोजली, आणि रक्कम भरल्यावाचून चिठ्ठी देता येत नाही असे सांगितले. नियम तसा होता. तो मुलगा दादरला एका दुकानात कामास होता. त्याने चाळीत फिरून, शेजाऱ्यांकडून, त्यांत ख्रिस्ती एकही नव्हता, तीन तासांत पैसे जमविले व मेजावर ठेविले. मग चिठ्ठी मिळाली.

आम्ही त्या खोलीत होतो. आम्ही बोललो नाही. पंच वयाने मोठे, आम्ही नवे, आमची नेमणूक त्यांच्या हाती. आमचीही उचल होतीच. दफनविधी आम्हीच चालविला, पुनरुत्थानावर आम्हीच बोललो. पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच्या खोलीवर गेलो आणि, वाचकहो, त्या वेळी आम्ही त्यास जे सांगितले तेच उत्तर ह्या वर्षी लिहून फाडले : सर्व देवाच्या योजनेत आहे, मनुष्यांकडे पाहू नये, प्रभूकडे पाहावे. त्याने सर्व ऐकून घेतले, आम्हांस चहा दिला. म्हणाला, "पाळकसाहेब, त्या दिवशी देवानं तुमचं तोंड बंद केलं होतं, का तुम्हीच केलं होतं?"

आम्ही काय बोलणार होतो? फारोवरील आमचा सर्व अभ्यास त्या प्रश्नापुढे निरुपयोगी झाला. निघताना त्याने जिन्यापर्यंत येऊन सांगितले, "मी येणार नाही. पण तुम्ही आलात तर दार लावणार नाही."

तर गोदाकाठच्या बंधूंस आमचे म्हणणे असे. योहानाच्या सहाव्या अध्यायात पुष्कळ शिष्य प्रभूस सोडून जातात. तो त्यांच्यामागे धावत नाही, त्यांस शाप देत नाही, आणि शिकवण सौम्य करून त्यांस परत बोलावीतही नाही. तो बारा जणांकडे वळून, तुमचाही जाण्याचा विचार आहे काय, असे विचारतो. हा प्रश्न धमकी म्हणून वाचण्याची आमच्यात चाल आहे. आम्ही तो खरा प्रश्न समजतो. जावयाचे असते तर त्यांस जाता आले असते. पेत्राने राहतो म्हटले त्यास त्यामुळेच काही वजन आहे, आणि त्याच बारांत राहूनही मनाने गेलेला एक होता हे प्रभूने तेथल्या तेथे सांगितले आहे. पटावर नाव असणे म्हणजे काय, हे बंधूंनी ह्यावरून पाहावे.

नाव काढू नये. पण ठेविले म्हणून तो आपला झाला असेही समजू नये. त्याची इच्छा त्याची आहे, ती वापरण्याचा त्याने आरंभ केला आहे. ज्याने जन्मापासून मंडळीत असून ती कधी वापरलीच नाही, त्याच्याविषयी आम्हांस अधिक काळजी वाटते. देवानेच माझे न येणे ठरविले असे तो म्हणतो, त्यास वादात हरवू नये. तो ते दुःखाने म्हणतो की सोयीने, हे त्याच्याजवळ बसल्यावाचून कळणार नाही. आणि त्याने मुंबईत काय पाहिले हे कोणी त्यास विचारले आहे काय? बंधूंच्या पत्रात त्याविषयी एक ओळही नाही. आधी ते विचारावे, मध्ये बोलू नये, आणि ऐकून झाल्यावर मंडळीचा बचाव करू नये. जेथे चूक झाली तेथे चूक म्हणावे. मंडळीची अब्रू राखण्याचे काम प्रभूने उपदेशकावर सोपविलेले आमच्या वाचनात नाही.

लूकच्या पंधराव्या अध्यायातील बापाने धाकट्यास वाटणी दिली, तो निघाला तेव्हा धरून ठेविले नाही. तरी दुरून येताना त्यास पाहिले ते त्यानेच. हा भाग आपण पुष्कळ सांगतो. ह्या पाठासाठी उताऱ्याचा शेवट वाचावा. थोरला मुलगा घरीच राहिलेला आहे, सर्व वर्षे राबलेला आहे, आणि त्या संध्याकाळी अंगणात उभा राहून आत येत नाही. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो. तो त्यास हाताला धरून नेत नाही, बोलतो, विनवितो. मग थोरला आत गेला की नाही हे लूकने लिहिलेले नाही. ह्या उताऱ्यावर मंडळीत प्रश्न विचारावयाचे झाल्यास आम्ही एकच सुचवितो : आपल्या गावात घरी राहिलेले कोण, आणि त्यांपैकी आत किती आहेत?

परळच्या त्या तरुणाकडे आम्ही अद्याप जातो. आता तो पन्नाशीकडे आला, लालबागेत राहतो, मुलगी कॉलेजात आहे. मागच्या नाताळच्या आधी गेलो तेव्हा त्याने कपाटातून बापाचे जुने गीतांचे पुस्तक काढून आम्हांस दाखविले, बांधणी सुटलेली, मध्ये गिरणीच्या पगाराची एक चिठ्ठी. बांधून घ्यावे म्हणतो, म्हणाला, गिरगावात कोणी बांधणारा असेल तर सांगा. आम्ही पत्ता दिला. उपासनेस या असे आम्ही त्या दिवशी म्हटले नाही, आणि त्यानेही तो विषय काढिला नाही.